वेग विकत घेणारा वजन पाहतो का? शंकरपटाच्या छकड्यापासून स्पोर्ट्‌स कारपर्यंत

१/
वेगवान मोटार विकत घेणारा माणूस तिचे वजन विचारतो का? शोरूममध्ये किंमत विचारली जाते, अश्वशक्ती विचारली जाते, शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरपर्यंत किती सेकंदांत जाते हे विचारले जाते. रंगावर घरात चर्चा होते. किलो मात्र क्वचितच कोणी विचारतो. याउलट छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, फुलंब्री आणि सिल्लोडच्या पट्ट्यात, वेगासाठीच घडवलेली आणखी एक गाडी विकत घेतली जाते आणि तिचा गिऱ्हाईक पहिल्यांदा वजनच पाहतो. ती गाडी म्हणजे शंकरपटाचा छकडा. या दोन गिऱ्हाइकांमध्ये एवढा फरक का पडला, याचा हा धागा.

२/
पुणे जिल्ह्यात जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिला विदर्भात, खानदेशात आणि मराठवाड्याच्या या उत्तर भागात शंकरपट म्हणतात. नियम गावागणिक थोडे बदलतात. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी धावतात, कुठे प्रत्येक जोडी एकटी धावते आणि निकाल घड्याळातील सेकंदांवर लागतो. सेकंदाचा अंश जेथे बक्षीस ठरवतो, तेथे लाकडाचा प्रत्येक जादा तुकडा डोळ्यांत खुपतो.

३/
म्हणूनच छकडा ही शेतातल्या गाडीची धाकटी आवृत्ती नव्हे. शेतगाडीला कडबा, खत, कापसाचे गाठोडे, पोती आणि वर बसलेले कुटुंब वाहायचे असते. तिचा साटा रुंद, आख जाड, चाकावर लोखंडी धाव. छकड्याला वाहायचा असतो तो फक्त हाकणारा, म्हणजे धुरकरी. त्यामुळे साट्याची जागा दोन-चार पट्ट्या घेतात, बाजूच्या कठड्यांना रजा मिळते, चाके बारीक होतात. दोन माणसे तो उचलून टेम्पोत चढवू शकतात. सुताराचे कौशल्य काय जोडले यावर ठरत नाही, काय वगळूनही गाडी मोडली नाही यावर ठरते.

४/
या काटकसरीमागचे गणित सोपे आहे. नांगर किंवा गाडी ओढताना एका बैलजोडीकडून सातत्याने मिळणारी शक्ती ढोबळमानाने एक अश्वशक्ती धरली जाते. शर्यतीच्या काही सेकंदांत ती कितीतरी वाढते, पण तिला मर्यादा आहेच. खुराक वाढवून, सराव देऊन, चपळ जात निवडून ती थोडीफार वाढवता येते. लालकंधारी आणि देवणी हे मराठवाड्याचे अभिमानाचे गोवंश, पण पटावर बोलबाला असतो तो सडपातळ, लांब शिंगांच्या खिलारचा. शक्ती वाढवण्याचे मार्ग संपले की एकच मार्ग उरतो : भार कमी करणे.

५/
येथे पहिला निष्कर्ष हाती येतो. शक्ती जेव्हा मोजकी असते, तेव्हा वजनाचा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. तो समोर दिसतो. फासळ्यांच्या हालचालीत, नाकपुड्यांच्या फुगण्यात, तोंडाला आलेल्या फेसात. छकड्याचा गिऱ्हाईक अधिक शहाणा म्हणून वजन पाहतो असे नाही. जे वजन ओढणार, ते त्याच्या डोळ्यांदेखत श्वास घेत असते, म्हणून तो पाहतो.

६/
हा हिशेब दख्खनला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत येथील मालवाहू गाडी हे एक अवजड प्रकरण होते. आऱ्यांऐवजी भरीव चाके, चाकाबरोबर फिरणारा आख आणि ओढायला बैलांच्या अनेक जोड्या. रस्ते नसलेल्या मुलखात त्यापेक्षा पाठीवर गोणी लादलेला लमाणांचा तांडाच बरा पडे. १८३५ नंतर इंदापूर-सोलापूर भागात महसुली मोजणीचे काम सुरू असताना लेफ्टनंट गेस्फर्ड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली टेंभुर्णीला सुधारित गाड्या बनू लागल्या. गाडी हलकी झाली आणि एका बैलजोडीवर भागू लागले.

७/
या सुधारणेचा अर्थ शेतकऱ्याच्या बाजूने पाहावा. जी गाडी चालवायला अनेक जोड्या लागतात, ती सावकाराची किंवा मोठ्या व्यापाऱ्याची गाडी असते. जी एका जोडीवर चालते, ती साध्या कुणब्याची होऊ शकते. गाडीतून काही मण लाकूड कमी झाले आणि बाजाराची वाट कितीतरी घरांना मोकळी झाली. वजन हा केवळ वेगाचा प्रश्न नाही. गाडी कोणाला परवडते, हेही त्यावरच ठरत आले आहे.

८/
आता याच जिल्ह्यातल्या एका मोठ्या प्रसंगाकडे वळू. खडकी हे नगर मलिक अंबरने १६१० मध्ये वसवले. त्याचेच पुढे औरंगाबाद झाले. अंबरने अवजड मोगली फौजांविरुद्ध वापरलेली पद्धत म्हणजे बारगीगिरी : हलके स्वार, झटपट हल्ला, रसद तोडणे आणि समोरासमोरच्या झुंजीआधी पसार होणे. मराठा स्वारांनी ही पद्धत पुढे पूर्णत्वाला नेली. अंगावर मोजके सामान, खोगिराला बांधलेली थोडी शिधोरी आणि भीमेच्या खोऱ्यातले काटक भीमथडी घोडे. समोर मोगल छावणी, म्हणजे बाजार, जनाना, हत्ती आणि तोफांसह चालणारे शहरच.

९/
या दोन पद्धतींची सर्वांत स्वच्छ परीक्षा झाली ती पालखेडला, आजच्या वैजापूर तालुक्यात. १७२७ मध्ये निजामुल्मुल्क आणि पहिला बाजीराव यांच्यात युद्ध पेटले. निजाम पुण्यावर चालून गेला. बाजीराव मात्र पुणे वाचवायला धावला नाही. जालना, सिंदखेड, वऱ्हाड, खानदेश, गुजरात असा फेरा मारत त्याने निजामाच्याच मुलखाला आग लावली आणि शेवटी औरंगाबादेच्या रोखाने उलटला. घर जळते आहे हे पाहून निजामाला पुणे सोडून परतावे लागले.

१०/
परतताना निजामाची अडचण वजनाची होती. त्याचा तोफखाना हे त्याचे खरे बळ. पण तोफा ओढत बाजीरावाला गाठणे अशक्य. म्हणून त्याने जड तोफखाना मागे ठेवला आणि फौज घेऊन पुढे आला. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडच्या परिसरात तो वेढला गेला. दाणा-वैरण तुटली, पाणी तुटले आणि ज्यांच्या जोरावर वेढा फोडता आला असता त्या तोफा जवळ नव्हत्या. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला.

११/
पालखेडचे वर्णन बहुधा ‘हलक्याने जडाला हरवले’ असे केले जाते. ते अपुरे आहे. निजामही शेवटी हलका झालाच होता. पण तो घाईने, अर्ध्या वाटेवर, आपल्या बळाचा पाया काढून हलका झाला. बाजीरावाची फौज मुळापासून तशी घडलेली होती. तिचे घोडे, तिची रसद, तिचे डावपेच, सारे हलकेपण गृहीत धरून रचलेले. एक फौज हलकी होती. दुसरी केवळ रिकामी झाली होती.

१२/
आजच्या मोटारींच्या जाहिराती वाचताना हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दोन टनांच्या गाडीला कार्बन फायबरचे छत बसवले जाते, मागच्या आसनांचे वजन थोडे उतरवले जाते आणि तिला ‘लाइटवेट’ म्हटले जाते. हा निजामाचा हलकेपणा. मुळात लहान इंजिन, लहान चाके, लहान ब्रेक असे एकाने दुसऱ्याला हलके करत जाणारी रचना वेगळी. गाडी हलकी असेल तर इंजिन लहान पुरते. इंजिन लहान असेल तर त्याला पेलणारा सांगाडा हलका चालतो. सांगाडा हलका असेल तर ब्रेकही लहान भागतात. हलकेपणा असा साखळीने येतो. जडपणाही तसाच साखळीने येतो.

१३/
ब्रिटिश अभियंता कॉलिन चॅपमन याने १९५२ मध्ये उभ्या केलेल्या लोटस कंपनीचे सारे नाव या साखळीवर उभे होते. शक्ती वाढवली की गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते, वजन घटवले की ती सगळीकडे वेगवान होते, असा त्याच्या विचाराचा आशय. १९९६ मध्ये विक्रीस आलेल्या लोटस एलिसचे वजन अवघे ७२५ किलोंच्या आसपास होते आणि इंजिन ११८ अश्वशक्तीचे. कागदावर हा आकडा किरकोळ, पण वळणावळणांच्या रस्त्यावर ती कितीतरी बलाढ्य गाड्यांना भारी पडे. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये आणलेली एमएक्स-५ ही दोन आसनी गाडीही टनाच्या आतबाहेरची आणि त्याच कुळातली.

१४/
मग गिऱ्हाइकांनी कौल कोणाला दिला? बाजाराचे उत्तर स्पष्ट आहे. पोर्शची प्रतिष्ठा ९११ या स्पोर्ट्‌स कारवर उभी आहे, पण तिच्यापेक्षा जास्त विकल्या जातात त्या कायेन आणि मकान या उंच, जड एसयूव्ही. लॅम्बोर्गिनीची सर्वाधिक खपाची गाडी उरुस आहे, वजन दोन टनांहून अधिक. २०२४ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एम-५ चे वजन २,४०० किलोंच्या वर गेले. आणि खुद्द लोटस आज अडीच टनांच्या घरातली विजेवर चालणारी एलेट्रे विकते. चॅपमनच्या कंपनीने गिऱ्हाइकाचे मन ओळखले, असेच म्हणावे लागेल.

१५/
पण म्हणून गिऱ्हाइकाला अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल. हिशेब मांडून पाहू. एलिसला एका टनामागे सुमारे १६३ अश्वशक्ती मिळते. नव्या एम-५ ला ७२७ अश्वशक्ती आणि सुमारे २,४३५ किलो, म्हणजे टनामागे जवळजवळ ३००. तिप्पट जड असूनही सरळ रस्त्यावर ही मोठी गाडी त्या लहान गाडीला सहज मागे टाकते. त्यात पाच माणसे बसतात, थंड हवा असते, एअरबॅग असतात, अपघातात टिकणारा भक्कम सांगाडा असतो. वजन वाढले ते केवळ हौसेने नव्हे. सुरक्षिततेचे नियम, प्रदूषणाचे नियम आणि बॅटऱ्या यांनीही ते वाढवले.

१६/
इतिहासही जडपणाच्या बाजूने साक्ष देतो. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला, म्हणजे मराठवाड्यातच, सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निजामाला नमवले आणि त्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. जड तोफा योग्य जागी असल्या तर काय करू शकतात, हे भाऊंनी स्वतः पाहिले होते. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १७६१ रोजी, त्याच तोफा आणि त्यांच्यामागे बुणगे, बाजार, यात्रेकरू यांचा प्रचंड पसारा घेऊन ते पानिपतावर उभे होते. तोफांनी काम चोख केले. पसाऱ्याला खायला घालता आले नाही.

१७/
तेव्हा प्रश्न ‘जड की हलके’ एवढा सरळ नाही. वजन कशाच्या बदल्यात घेतले आणि ते पोसायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे. पालखेडला निजामाने बळ टाकून वेग घेतला आणि फसला. पानिपतावर मराठ्यांनी बळ घेतले, पण त्यासोबत जो भार आला त्याचा हिशेब लांबणीवर टाकला. दोन्ही ठिकाणी पराभव झाला तो हिशेब न केल्याचा.

१८/
मोटारीच्या गिऱ्हाइकाने हिशेब का सोडला, याचे एक उत्तर शक्तीच्या सुबत्तेत आहे. बैलजोडीची एक अश्वशक्ती जाऊन मोटारीत शेकडो आल्या. पायाखालचे पेडल किंचित दाबले की दोन टनही कापसासारखे वाटतात. विजेच्या मोटारीत तर हे अधिकच : टेस्लाची मॉडेल एस प्लॅड दोन टनांहून जड आहे आणि तरीही जगातल्या सर्वाधिक झपाट्याने वेग घेणाऱ्या गाड्यांत मोडते. वजन नाहीसे झालेले नाही. ते जाणवेनासे झाले. इंजिनाला धाप लागत नाही, त्याच्या तोंडाला फेस येत नाही.

१९/
दुसरे उत्तर भाषेत दडलेले आहे. मराठीत ‘वजन असणे’ म्हणजे दबदबा असणे. ‘वजनदार माणूस’ हा तालुक्यात काम करून देणारा माणूस. ‘भारदस्त’ व्यक्तिमत्त्व आदराचे, ‘भारी’ म्हणजे उत्तम. उलट ‘हलका’ माल म्हणजे निकृष्ट, ‘हलकट’ ही तर शिवीच. ज्या भाषेत स्तुती जड आणि निंदा हलकी आहे, त्या भाषेत वाढलेला माणूस गाडीच्या दरवाजाचा ‘धप्प’ आवाज ऐकून खूश झाला, तर नवल नाही. ‘गाडी भारी आहे’ या एका वाक्यात किलो आणि किंमत दोन्ही सामावतात.

२०/
ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेतील व्यावसायिकांनी व नागरिकांनी एकत्र येऊन एकाच व्यवहारात दीडशे मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि देशभर गाजला. शहराचे नाव जगापुढे यावे, हा हेतू त्यात उघड होता. त्या खरेदीत वेगही महत्त्वाचा नव्हता आणि काटकसरही. तेथे विकत घेतले गेले ते वजन, पण किलोतले नव्हे, शहराच्या नावाचे. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या आणि पुढे ऑडीच्या गाड्या जोडणाऱ्या, वाळूजच्या बजाज कारखान्यातून दुचाक्या आणि रिक्षा देशभर पाठवणाऱ्या या शहराला आपली ओळख गिऱ्हाईक म्हणूनही पटवून द्यायची होती.

२१/
भारतीय स्पोर्ट्‌स कारचा छोटासा इतिहासही हेच सांगतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्याशी नाते असलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी आली : फायबरग्लासचे अंग, रेनोचे १.२ लिटरचे इंजिन, ६० अश्वशक्ती. हलकी, पण दिसायला बेताची. २०१२ मध्ये डीसी डिझाइनने अवंती लोकांसमोर आणली. रुंद, बुटकी, एखाद्या इटालियन सुपरकारची आठवण करून देणारी आणि वजनाने दीड टनाच्या वर. पहिलीचे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. दुसरी लग्नाच्या वरातीतून आणि चित्रांमधून सर्वांना ओळखीची वाटते. विक्रीत दोन्ही मोठ्या झाल्या नाहीत. पण डोळ्यांनी कौल दुसरीला दिला.

२२/
तरीही गावाकडचा माणूस वजन विसरला आहे असे समजू नये. जेथे वजन स्वतःला पेलावे लागते, तेथे तो आजही पक्का आहे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली यामाहा आरएक्स-१०० ही मोटारसायकल सुमारे शंभर किलोंची आणि ११ अश्वशक्तीची. बंद होऊन तीन दशके होत आली, तरी चांगल्या स्थितीतल्या गाडीला मागणी आहे आणि ती उडते, हे तिचे वर्णन कायम आहे. तिच्याच शेजारी जड बुलेटही उभी असते. एकाच घरात थोरल्याला बुलेट हवी असते आणि धाकट्याला आरएक्स. एकाला वट हवी, दुसऱ्याला वेग. वजनाचे दोन अर्थ एकाच ओसरीवर नांदतात.

२३/
आता पुन्हा बैलाकडे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. बैलाचे शरीर घोड्यासारखे धावण्यासाठी घडलेले नाही, तो ओझे ओढणारा प्राणी आहे, हा त्या निकालातला एक मुख्य धागा होता. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना आता मनाई आहे.

२४/
या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. पण वजनाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट उरते. छकडा हलका करणारा सुतार आणि बैलाला झटका देणारा माणूस, दोघांनाही वेगच हवा असतो. एक वेग भार घटवून मिळवतो, दुसरा वेदना वाढवून. कायद्याने दुसरा मार्ग बंद केला, म्हणजे उरला तो सुताराचा. मनाई मनापासून पाळली गेली तर शंकरपट पुन्हा कारागिरीचा खेळ होईल. न पाळली गेली तर न्यायालयाची २०१४ ची शंका खरी ठरेल. भार कोणी तरी सोसतोच. तो लाकडातून काढायचा की जनावराच्या अंगातून, एवढीच निवड माणसाच्या हाती आहे.

२५/
मोटारीतही भार कोणी तरी सोसतोच, फक्त तो दिसत नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ७२५ किलोंच्या गाडीपेक्षा २,४३५ किलोंच्या गाडीत तिपटीहून अधिक गतिज ऊर्जा असते. ब्रेक लावल्यावर किंवा धडक झाल्यावर ती कुठे तरी जिरावी लागते. अमेरिकेतील अपघातांच्या नोंदींवरून मायकेल अँडरसन आणि मॅक्सिमिलियन ऑफहॅमर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, धडक देणारे वाहन १,००० पौंडांनी, म्हणजे सुमारे ४५० किलोंनी जड असेल तर समोरच्या गाडीतील व्यक्ती दगावण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी वाढते. जड गाडी आतल्यांना जपते. त्या जपणुकीची किंमत बाहेरचे मोजतात.

२६/
फुलंब्रीच्या वाटेवर हा हिशेब पुस्तकी राहत नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि सावंगीजवळचा त्याचा इंटरचेंज याच फुलंब्री-सिल्लोड रस्त्याला मिळतो. महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तेथून उतरणारी दोन टनांची गाडी काही मिनिटांतच त्या रस्त्यावर येते जेथे ट्रॅक्टर, कापसाने भरलेला टेम्पो, आरएक्सवरचा पोरगा, शाळेतून परतणाऱ्या मुली आणि बाजाराला निघालेली बैलगाडी असते. चालकाला वेग उतरल्यासारखा वाटतो, कारण आत आवाज येत नाही. वजन मात्र उतरलेले नसते.

२७/
म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे : वेगवान गाडीच्या गिऱ्हाइकाला वजन महत्त्वाचे वाटते, जर ते स्वतः पेलायचे असेल, किंवा पेलणारा डोळ्यांसमोर असेल. पटावरचा धुरकरी, बारगीर स्वार, वळणावळणांच्या रस्त्यावर स्वतः गाडी चालवण्याचा शौक असलेला माणूस, हे तिघेही किलो मोजतात. ज्याला वेग हवा तो दुसऱ्यांच्या नजरेत, त्याला दुसरे वजन हवे असते आणि ते गाडी पुरवते. बाजारात दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक नेहमीच अधिक असतात. निजामाच्या छावणीतही हलक्या स्वारापेक्षा हत्तीचा मान मोठा होता.

२८/
पण वजन न विचारल्याने त्याचे महत्त्व कमी होत नाही. फक्त विचारण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाकडून निघून रस्त्यावरच्या इतरांकडे जाते आणि त्यांना विचारण्याची सोय नसते. छकडा घेणारा माणूस जू उचलून पाहतो, तेव्हा तो नकळत बैलाच्या वतीने प्रश्न विचारत असतो. शोरूममध्ये उभा असलेला माणूसही रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याच्या वतीने तोच प्रश्न विचारू शकतो. उत्तर लपलेले नाही. माहितीपत्रकात ते ‘कर्ब वेट’ म्हणून छापलेले असते आणि गाडी घरी आल्यावर नोंदणीच्या आरसी कार्डावरही रिकाम्या गाडीचे वजन किलोंमध्ये लिहून येते. रंगाच्या चर्चेआधी तेवढी एक ओळ वाचावी.